ऑफिसच्या शर्टासाठी दादर ते लालबाग

शुक्रवारी दुपारी रॉटरडॅमच्या घरातून निघताना माझ्या वहीत मुंबईच्या कामांची यादी होती. काम खरं तर एकच होतं, पाच भागांत मोडलेलं: कापड घेणे, टेलर ठरवणे, माप देणे, ट्रायल, आणि धुऊन-इस्त्री करून बॅगेत भरणे. प्रत्येक भागापुढे वार लिहिला होता. माझी मुलगी सई दाराला टेकून म्हणाली, "आई, लोक आठ दिवस मुंबईला आंबे खायला जातात. तू शर्ट शिवायला चाललीस."

मार्च महिना होता. आंबे अजून यायचे होते, तेवढंच मी तिला सांगितलं.

वाचणाऱ्यांना हा वेडेपणा वाटेल, म्हणून आधी अडचण सांगते. बावीस वर्षं मी फोर्टमधल्या एका जहाज कंपनीच्या ऑफिसात साडी किंवा पंजाबी ड्रेसमध्ये काम केलं. शेहेचाळिसाव्या वर्षी रॉटरडॅमच्या बंदरात नियोजनाच्या खात्यात नोकरी मिळाली. नवरा जहाजावर असतो, वर्षातले सात-आठ महिने समुद्रात, म्हणून मी आणि सई दोघीच तिथे गेलो. तिथल्या ऑफिसात सगळे शर्ट घालतात. नियम नाही, पण रीत आहे. आणि मला शर्ट होत नाही. माझी उंची पाच फूट, खांदे अरुंद, हात आखूड, छाती भरलेली. तिथल्या दुकानात खांद्याला बसणारा शर्ट घेतला की छातीवरची दोन बटणं एकमेकांपासून पळायला बघतात. छातीला बसणारा घेतला की बाही बोटांच्या टोकापर्यंत येते. एकदा मी बारा वर्षांच्या मुलांच्या विभागातही जाऊन आले. तिथे दुरुस्ती करणारे शिंपी आहेत, ते बाही आखूड करून देतात, पण बाकीचं सगळं तसंच राहतं. तीन वर्षं मी आतून सेफ्टी पिन आणि वरून स्वेटर अशी काढली.

हे नुसतं दिसण्यापुरतं असतं तर मी मुंबईचं तिकीट काढलं नसतं. आमच्या खोलीत भिंतभर पांढरा फळा आहे. कुठलं जहाज कधी लागणार, हे रोज सकाळी उभं राहून त्याच्यावर लिहायचं. वरच्या ओळीसाठी मला हात पूर्ण वर न्यावा लागतो. हात वर गेला की शर्ट कमरेतून बाहेर येतो, पिन ताणते, बटणांमधून आतलं दिसतं. म्हणून मी खुर्चीत बसून वेळा सांगते आणि शेजारचा उंच मुलगा उठून लिहितो. या जानेवारीत साहेबांनी माझ्या कामाच्या अहवालात लिहिलं, 'काम चोख आहे. पण बैठकीत पुढे येत नाही, स्वतःच्या निर्णयाबद्दल खात्री नसल्यासारखी वाटते.' माझा तात्पुरता करार महिनाअखेर संपत होता. कायम करायचं की निरोप द्यायचा, हे मी मुंबईहून परतल्यावर येणाऱ्या बुधवारच्या बैठकीनंतर ठरणार होतं. निरोप मिळाला तर माझा तिथला परवाना जातो आणि सईचं कॉलेज अर्ध्यावर राहतं.

शनिवारी सकाळी विमानतळावरून टॅक्सीने दादरला शुभावहिनीकडे उतरले. शुभावहिनी माझ्या मोठ्या भावाची बायको. भाऊ कामानिमित्त नागपूरला गेला होता, त्यामुळे घरी आम्ही दोघीच. तिने पोह्यांची बशी हातात दिली आणि माझी यादी वाचून काढली.

"वन्सं, ह्यात जेवण कुठे लिहिलंय?"

"जेवण मधे मधे होईल."

"आणि झोप?"

मी पोहे खायला लागले. विमानात डोळा लागला नव्हता. सबंध वाट मी एकच हिशेब करत होते: रविवारी कापड शिंप्याकडे गेलं तर ट्रायल बुधवारी, चूक निघाली तर हातात गुरुवार ते शनिवार.

त्याच दुपारी गिरगावात गेले. लहानपणी आईबरोबर जिथे परकराची कापडं घ्यायचो, तिथे आता निम्मी दुकानं मोबाइलची झाली आहेत. पण एक जुनं कापडाचं दुकान शिल्लक होतं, पांढरी गादी, भिंतीला तक्के, आणि चप्पल बाहेर काढायची पद्धत. गादीवरच्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं.

"शर्टिंग हवंय. सुती. पांढरं आणि फिकं निळं."

"मिस्टरांची उंची किती?"

"माझ्यासाठी हवंय."

त्यांनी मागे वळून हाक दिली, "अरे, बाईंना ड्रेस मटेरियल दाखव!"

"ड्रेस नको. शर्ट. ऑफिसला घालायचा. मीच घालणार."

"असं होय," ते म्हणाले, आणि मग मात्र खरोखरच मनापासून ठाणं उलगडायला लागले. आईने शिकवल्याप्रमाणे मी प्रत्येक कापडाचं टोक मुठीत चुरगळून, वीस आकडे मोजून, उघडून बघितलं. ज्याच्यावर कमी सुरकुत्या उरल्या ते निवडलं. पाच शर्टांचं कापड घेतलं. गृहस्थ म्हणाले, "पाच एकदम? दोन शिवून बघा आधी." मी म्हटलं, वेळ नाही. बाहेर पडून एका जुन्या खानावळीत थालीपीठ आणि पीयूष घेतलं. चव तीच होती, पण मी अर्धं पानात टाकून उठले. वहीत घरी पोचायची वेळ पाच लिहिली होती आणि पावणेपाच वाजले होते.

रविवारी वहिनीच्या नेहमीच्या लेडीज टेलरकडे गेलो. दादरला स्टेशनजवळच्या गल्लीत, जिन्याखालचं दुकान. हँगरवर रांगेने ब्लाउज. मालक मनोज चाळिशीचा, कानावर पेन, बोलता बोलता तिघींची कामं घेणारा.

"शर्ट? काय विषय नाय मॅडम. कट कुठला पायजे? मापाचं काय आणलंय?"

इथे चूक झाली, आणि ती माझी होती. मुंबईत राहणाऱ्या माझ्या वयाच्या कुठल्याही बाईने हीच केली असती. वीस वर्षांत कुठल्याही शिंप्याने माझ्या अंगाला टेप लावलेली नाही. आम्ही मापाचा ब्लाउज देतो. तो एकदा जमला की पुढचे सगळे त्याच्यावरून. माझ्या यादीत 'मापाचा ब्लाउज' असं अधोरेखित करून लिहिलं होतं. सर्वांत चांगला बसणारा, गर्द हिरवा ब्लाउज मी रॉटरडॅमहून कागदात गुंडाळून आणला होता. तो मी मनोजच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "छातीला, खांद्याला, मुंढ्याला (बाही जोडतात तो घेर) अगदी असाच. लांबी आणि बाही तेवढी शर्टाची."

"एकदम फिटिंगमधे देतो."

"बुधवारी ट्रायल."

"मंगळवारी या ना."

मला बरं वाटलं. तीन शर्टांचं कापड त्याला दिलं आणि दोन मागे ठेवलं. मागे का ठेवलं, ते सांगता येणार नाही. सगळं एकाच ठिकाणी कधी द्यायचं नाही, एवढीच सवय.

मंगळवारी तो म्हणाला बुधवारी या. बुधवारी सकाळी अकराला तिन्ही शर्ट तयार होते. नुसते ट्रायलपुरते नाहीत, काज-बटणांसकट. पडद्यामागे पहिला घातला. बटणं लागली. आरशात पाहिलं तर कुठेही ओढ नाही, फट नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा शर्टात मी नीट दिसत होते. मग हात वर केला.

हात खांद्याच्या वर जाईना. काखेत कापड करकचून बसलं, पाठ ताणली गेली आणि वरून तिसरं बटण तुटून स्टुलाखाली गेलं.

मी तशीच बाहेर आले. मनोजने हिरवा ब्लाउज दुसऱ्या शर्टावर पसरला. मुंढ्याला मुंढा, छातीला छाती, दोरा इकडचा तिकडे नाही.

"मॅडम, तुमच्याच मापाप्रमाणे आहे."

त्याचं बरोबर होतं. ब्लाउज घट्टच बसायला हवा. त्यात हात वर केला आणि तो सरकला तरी वरून पदर असतो. ब्लाउज घालून फोर्टात मी बावीस वर्षं काढली, ती टेबलाशी बसून.

"उसवून सैल होईल?"

"माया अर्धा इंच आहे." माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. "अर्ध्या इंचात काय होणार? आणि खरं सांगू? शर्ट जेन्ट्सवाल्याचं काम. मी तुम्हाला नाही म्हणायला पाहिजे होतं."

वहिनीने त्याला झापायला तोंड उघडलं होतं, मी तिचा हात धरला. रडू येत होतं, आणि जिन्याखालच्या त्या दुकानात ब्लाउज न्यायला आलेल्या पाच बायका माझ्याकडे बघत होत्या.

बाहेर येऊन आम्ही जेन्ट्स टेलर शोधायला लागलो. पहिला म्हणाला, "लेडीजचं माप आम्ही घेत नाही." दुसरा म्हणाला, "मिस्टरांना पाठवा." वहिनी म्हणाली, "मिस्टर सुएझच्या कालव्यात आहेत, त्यांचं माप घेऊन हिला होईल का?" तिसरा म्हातारा होता. त्याने आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लालबागला सावंत मास्तर बघा. शर्टाशिवाय काही शिवत नाहीत. बायांचंही करतात. माप बायको घेते. पण आजच जा, शिमग्याला गावी निघतील."

शिमगा! माझ्या यादीत विमानाची वेळ होती, बँकेची सुट्टी होती, शिमगा नव्हता. होळीला कोकणातल्या गावोगावी देवाची पालखी घरोघर फिरते. पालखी दाराशी येते तेव्हा घर उघडं असायला लागतं, म्हणून गिरणगावातली माणसं काहीही करून गाव गाठतात. माझं सगळं आजोळ कोकणातलं, आणि तीन वर्षांत मी हे विसरले. दादरहून लालबागला टॅक्सीत बसल्यावर मी वहिनीला दर चौकाला विचारत होते, "गेले असतील का गं?"

लालबागला टॅक्सीतून उतरल्याबरोबर आम्ही दोघी शिंकायला लागलो. मार्च म्हणजे मसाल्याचे दिवस. गल्लीच्या तोंडाशी मिरची कांडणारी यंत्रं धडधडत होती, बाया डबे घेऊन रांगेत बसल्या होत्या आणि हवाच लालसर झाली होती. नाकाला पदर लावून आम्ही चाळ विचारत गेलो. तळमजल्यावर कामाची एक खोली, दाराशी बांधून ठेवलेली बोचकी, आत शिलाई मशीन आणि त्याच्यावर वाकलेले सावंत मास्तर. सत्तरीच्या आतबाहेरचे, गळ्यात टेप.

बोचकी बघून मी दारातच थांबले.

"शुक्रवारी संध्याकाळची एसटी आहे," मी तोंड उघडायच्या आत मास्तर म्हणाले. "नवीन काम घेत नाही."

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फळा, हात, बटण, बुधवारची बैठक, सईचं कॉलेज. मला वाटतं मी फार भराभर बोलले. मनोजने शिवलेला शर्ट पिशवीतून काढून दाखवला. मास्तरांनी तो आतून उलटा केला, मुंढ्याच्या शिवणीवर अंगठा फिरवला.

"शिलाई चांगली आहे हो. चुकीच्या मापावर चांगली शिलाई." मग आत हाक मारली, "अगो, ऐकलंस?"

पडद्यामागून त्यांची बायको आली. ठेंगणी, काटक, हातात सुई-दोरा. चाळीत सगळे त्यांना काकू म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ऐकलं. पोरीच्या शिक्षणाचा प्रश्न आसा. घेवा."

"पालखी?"

"पालखी शनिवारी येतली. शर्टाक शनिवार लागता काय?"

मास्तरांनी टेप गळ्यातून काढली, पण माझ्याजवळ आले नाहीत. खडूचा तुकडा माझ्या हातात दिला आणि लाकडी कपाटाकडे बोट केलं. "ऑफिसात लिहिता तसं तिथे लिहा. वरच्या अंगाला."

मी कपाटाच्या दारावर दोन जहाजांच्या वेळा लिहिल्या. ते मागे बसून बघत होते. मग मी आणि काकू पडद्याआड गेलो, मास्तर बाहेर वही घेऊन बसले आणि तिथून सांगत गेले.

"तीरा घे." तीरा म्हणजे दोन खांद्यांमधलं माप.

"चौदा."

"हात वर करून घे."

काकू आकडे सांगत गेल्या. बाहेर पेन चालत होतं, मग थांबलं.

"पुढची लांबी परत घे."

"परत घेतलंय. तीच येता."

"पाठीपेक्षा कमी कशी येईल? परत घे."

काकूंनी टेप खाली सोडली आणि माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. "अहो, टेप बरोबर आसा. ती पोक काढून उभी रवता."

   मी पोक काढून उभी राहते हे मला माहीतच नव्हतं. बटणांमधली फट दिसू नये म्हणून खांदे पुढे घ्यायचे, ही तीन वर्षांची युक्ती, आता माझं अंग तसंच झालं होतं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा मास्तर वहीकडे बघत होते. "माझा बाप गिरणीतल्या माणसांचे शर्ट शिवायचा. कोणाचा एक खांदा खाली, कोणाची मान पुढे. तो म्हणायचा, माणूस उभा राहतो तसंच कापायचं, त्याला सुधारायला जायचं नाही. मीही तसंच करतो. पण बाई, तुम्ही शर्टामुळे वाकलात की मुळात तशाच, ते मला कळत नाही. वाकून उभ्या राहता त्या मापाने कापलं तर तुम्ही सरळ झाल्यावर पुढून आखूड पडेल, ताणेल. सरळ मापाने कापलं आणि तुम्ही वाकलात, तर पुढे घडी पडून कॉलर गळ्याला टोचेल. बोला."

"कापड दोन शर्टांचं आहे," मी म्हटलं. "एक असा, एक तसा करा."

"करतो की. बुधवारी कुठला घालणार?"

मी वहिनीकडे बघितलं.

"कापड पाण्यातून काढलंय?"

नव्हतं काढलं. नवं सुती कापड आटतं, शिवण्याआधी भिजवून वाळवावं लागतं, हे आईने शिकवलेलं मी मुठीत चुरगळण्याच्या नादात विसरले होते. मास्तरांनी बादलीकडे मान वळवली. "ते भिजून वाळेपर्यंत ठरवा. उद्या सकाळी कात्री लावणार."

काकूंनी दोन्ही कापडं भिजवली आणि आम्ही ती दुसऱ्या मजल्यावर, त्यांच्या राहत्या खोलीसमोरच्या गॅलरीत कठड्यावर टाकली. शेजारी चटईवर मिरच्या वाळत होत्या. दहा मिनिटांत वारा आला आणि पांढरं कापड थेट मिरच्यांवर.

"सावंतीण!" शेजारीण ओरडली. "तुजां कापड माज्या मिरसांगेत पडलां!"

"मग मिरसांग झाडून घे! कापड परदेशात जाताहा, तुजी मिरसांग खंय जाताहा?"

"ती माज्या पोटात जातली, तुज्या कापडाचो रंग लागलो तर?"

"पांढऱ्या कापडाक रंग खंयचो गो!"

आख्खी गॅलरी हसली. मी हसले नाही, मला कापडावरचे लाल ठिपके दिसत होते. पुन्हा धुतलं, पुन्हा पिळलं, शिंका देत पुन्हा वाळत घातलं, आणि या वेळी मी स्वतः दोन टोकं धरून ऊन जाईपर्यंत उभी राहिले. तिथे उभी असताना मी सरळ उभं राहून बघितलं. दोन मिनिटांत पाठ दुखायला लागली. पुन्हा सैल सोडली, तर खांदे आपोआप पुढे. बुधवारची बैठक चाळीस मिनिटांची असते.

काकू शेजारी येऊन कापडाची ओल बघत होत्या. "काय ठरवलंस?"

"भीती वाटते, काकू. सरळ मापाने कापायचं आणि मला तसं उभंच राहता आलं नाही तर? तिथे तुम्ही नसाल उसवायला."

"वाकड्या मापाचो शिवलंस, तर तुका सरळ उभां रवचीच भीती वाटात. मगे काय करशीत?"

गुरुवारी सकाळी आठला मी लालबागला पोचले. मास्तर कपाटावरचे माझे जहाजांचे आकडे पुसत होते. "दोन्ही सरळ मापाने," मी एका दमात सांगितलं. ते फक्त "बरं" म्हणाले. थोड्या वेळाने, कापडावर खडूच्या रेघा मारता मारता म्हणाले, "पाठीत माया जरा जास्त ठेवतो. दिसणार नाही." मी खुर्चीवर बसून कात्री फिरताना बघितली.  दुपारी काकूंनी बांगड्याचं तिखलं (तिरफळं घातलेलं घट्ट तिखट कालवण) आणि तांदळाची भाकरी वाढली. आठ दिवसांत मी पूर्ण जेवले ते तेवढं एकदाच.

शुक्रवारी सकाळी ट्रायल. कच्च्या टाक्यांवरचा शर्ट घातला आणि पहिल्याच क्षणी कॉलर गळ्याला टोचली.

"टोचतंय!"

"टोचणारच," पडद्याबाहेरून मास्तर म्हणाले. "हनुवटी वर घ्या."

घेतली. टोचणं थांबलं. हात वर केला. पूर्ण वर, छताकडे. शर्ट कमरेत होता तिथेच राहिला, बटणं आपापल्या जागी. काकू मागून बघून म्हणाल्या, "बसलो." मी दहा वेळा हात वर-खाली केला. वहिनी म्हणाली, "वन्सं, कवायत पुरे." पण मला आनंद व्हायच्या ऐवजी बुधवार आठवला. आता अडचण शर्टात उरली नव्हती.

मास्तरांनी शिलाई पक्की केली, काकूंनी काजं हातानेच केली. साडेचारला दोन्ही शर्ट इस्त्री होऊन माझ्या पिशवीत होते. सव्वापाचला मास्तर आणि काकू बोचकी घेऊन एसटीला निघाले. मी टॅक्सी करून देते म्हटलं तर काकूंनी माझा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून घेतला आणि म्हणाल्या, "टॅक्सी नको. शर्टाचा काय झाला, ता सांग."

शनिवारी मी ते शर्ट दोनदा धुतले. आटले नाहीत. रविवारी विमानात ते हातातल्या पिशवीत होते, वर सामानाच्या कप्प्यात नाही. मनोजचे तीन वहिनीने ठेवून घेतले. तिच्या भाचीला होतील म्हणाली, ती हात वर करत नाही.

बुधवारी पांढरा घातला. घरापासून ऑफिसपर्यंत कॉलर चार वेळा टोचली, चार वेळा मी मान वर घेतली. बैठकीत साहेब होते आणि मागच्या खुर्चीवर नोकरभरती खात्याच्या बाई वही उघडून. धुक्यामुळे एक मोठं जहाज सहा तास मागे पडलं होतं. बाकीच्या सगळ्या जहाजांचे धक्के बदलावे लागणार होते, आणि कोणाला कुठे हलवायचं हे मला दिसत होतं. मी बसूनच सांगायला लागले. शेजारचा उंच मुलगा सवयीने उठला आणि पेन घेऊन फळ्याकडे निघाला. मी त्याच्या मागून गेले आणि पेन मागून घेतलं.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. करार कायम. ते धक्क्यांबद्दल बोलले, दुसऱ्या खात्याने घेतलेल्या हरकतीला मी फळ्यावर जे उत्तर लिहिलं त्याबद्दल बोलले. शर्टाबद्दल अवाक्षर नाही. त्यांच्या लक्षात यावं असं त्यात काही नव्हतंच.

सईला कळवलं, नवऱ्याला जहाजावर निरोप ठेवला, वहिनीशी बोलले. इतक्या लांब जाऊन मी काय आणलं, याचा विचार करत स्वयंपाकघरात उभी होते. आधी वाटायचं, मापाचा शर्ट मिळाला की बाकीचं आपोआप होईल. तसं झालं नाही. शर्ट गळ्याला टोचत राहिला, उभं मलाच राहावं लागलं. पण टोचणाराच नसता, तर मी उठले असते का? खात्रीने नाही सांगता येत.

तेवढ्यात काकूंचा फोन आला. मागे ढोल वाजत होते, गावात शिमगा अजून चालू होता. नोकरीचं सांगितल्यावर त्यांनी तिथल्या तिथे देवाला हाक मारली. मग म्हणाल्या, "मास्तर विचारतत, फळ्याकडे शर्ट खंय टोचलो, खंय ओढलो? तसा सांग, पुढच्या खेपेक नीट करतले."

मी आठवायला लागले. जहाजाची वेळ आठवली, कुठला धक्का रिकामा केला ते आठवलं, हरकत कोणी घेतली आणि त्याला मी काय म्हटलं तेही. शर्टाचं काही आठवेना.

"काकू, मला सांगता येत नाही. आठवतच नाही."

काकूंनी फोन बाजूला धरला आणि ढोलांच्या वर आवाज चढवून ओरडल्या, "अहो, तिका काय आठवणा नाय म्हणता!"

मागून मास्तरांचा आवाज आला, "मग बसला म्हणून सांग तिला."